सापाच्या पेटीला ऊब: खालून हीट मॅट की वरून दिवा?

साप अंगातली ऊब स्वतः टिकवू शकत नाही. उबेत जाऊन तो अन्न पचवतो, पुरेसं झालं की गारव्याला सरकतो. त्यामुळे अख्ख्या पेटीत एकच तापमान ठेवून भागत नाही. एक टोक गरम आणि दुसरं थंड हवं. बॉल पायथनला (पाळला जाणारा छोटा अजगर) गरम जागा साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोक २५ ते २७ लागतं. कॉर्न स्नेकला (हाही पाळला जाणारा बिनविषारी साप) दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी चालतात.

हीट मॅट, म्हणजे पेटीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, स्वस्त असते, वीज कमी खाते आणि उजेड करत नाही. पण ती टेकलेला पृष्ठभाग तापवते, हवा फारशी नाही. खोली गार असेल तर मॅट रात्रंदिवस चालू ठेवूनही पेटीतली हवा गारच राहते. शिवाय वर भुशाचा जाड थर असला की उष्णता खाली कोंडते. वरचं तापमान ठीक दिसतं आणि साप उकरत तळाला गेला की पोट भाजतं. पोटाला चटका बसत असतानाही साप बरेचदा जागचा हलत नाही, हे फार वाईट. पातळ थराच्या, कमी उंचीच्या प्लास्टिकच्या डब्यांना मात्र मॅटच सोयीची. ती तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच ठेवा, म्हणजे दुसरं टोक थंड राहील.

काचेच्या किंवा लाकडी उंच पेटीला मी वरूनच ऊब देईन. हॅलोजन दिव्याची ऊब उन्हाच्या सगळ्यात जवळ जाते. ती कातडीखाली खोलवर पोचते आणि खालचा दगडही तापतो. पण तो दिवसाच लावायचा, कारण सापालाही अंधारी रात्र लागते. रात्री पारा फार उतरत असेल तर सिरॅमिक हीटर, म्हणजे दिव्यासारखा होल्डरला लावायचा चिनी मातीचा हीटर, लावा. त्याला उजेड नसतो, हवा चांगली तापते. फक्त हवा कोरडी पडते, म्हणून आर्द्रतेवर नजर ठेवा. जाळीचं झाकण असेल तर ऊब आणि ओलावा दोन्ही वरून निसटतात, तेव्हा जाळीचा काही भाग झाका, दिव्याखालचा सोडून. दिवा किंवा हीटर पेटीच्या आत असेल तर त्याभोवती जाळीचा पिंजरा हवाच. साप उबेच्या ओढीने थेट गरम दिव्याला विळखा घालतो. सिरॅमिक हीटरचं होल्डरही चिनी मातीचं घ्या, प्लास्टिकचं वितळतं.

काहीही निवडलंत तरी थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानावर हीटर आवरणाऱ्या यंत्राशिवाय, प्लग लावू नका. पैसे मोजकेच असतील तर हीटर साधा घ्या, थर्मोस्टॅट चांगला घ्या. मॅटला साधा चालू-बंद होणारा चालतो, सिरॅमिकला पल्स प्रकारचा (वीज छोट्या झटक्यांत देणारा) बरा, हॅलोजनला मात्र डिमिंगचाच (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), नाहीतर दिवा सारखा लुकलुकतो. मॅटच्या थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं तारेचं टोक, मॅट आणि तळ यांच्यामध्ये चिकटवा. तो पेटीत मोकळा सोडला आणि सापाने बाजूला ढकलला, किंवा पाण्याच्या भांड्यात पडला, तर थर्मोस्टॅटला पेटी थंडच वाटते आणि तो तापवतच राहतो.

काचेला चिकटवायचे गोल तबकडीचे थर्मामीटर विसरा, ते काचेजवळची हवा मोजतात आणि तीही धड नाही. दोन्ही टोकांना डिजिटल प्रोब आणि पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा. सगळी मांडणी साप आणण्याआधी काही दिवस चालवून बघा, भर दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा आकडे टिपा. थंडीने साप उलटी करतो, जेवण सोडतो, छातीच्या संसर्गाने आजारी पडतो; पण तेवढ्यात डॉक्टर गाठता येतो. अति उष्णता काही तासांतही जीव घेते. म्हणून शंका आली तर आकडा खालीच ठेवा.