आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड: पावसाळ्यात घेतलं, आता उन्हाळा लागलाय, वापरून काय वाटतं

आधी किमतीचंच सांगतो, कारण घरी आलेल्या ज्याने ज्याने पीसी बघितला त्याने एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) नाही, किंमत विचारली. ५०७० टीआय, १६ जीबी मेमरीचं, ८० हजारांच्या थोडं खाली पडलं, पक्क्या बिलासकट, बुधवार पेठेतल्या एका दुकानातून. हेच कार्ड फेब्रुवारी २०२५ मध्ये बाजारात आलं तेव्हा एनव्हिडियाने भारतासाठी ८० हजारांपासून असा भाव जाहीर केला होता आणि मी जिथे जिथे विचारलं तिथे कुणी लाखाच्या खाली बोलायला तयार नव्हतं. एकाने तर सरळ सांगितलं की सुटं कार्ड मिळणार नाही, सोबत मदरबोर्ड आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) घ्या. म्हटलं काका, मदरबोर्ड आहे माझ्याकडे. तर म्हणे, मग थांबा. थांबलो.

आता हे ८० हजार म्हणजे लूट का? अमेरिकेत जाहीर किंमत होती ७४९ डॉलर, टॅक्स सोडून. तेव्हाचा डॉलर ८६-८७ धरा, ६५ हजारांच्या आसपास होतात, वर १८ टक्के जीएसटी, झाले ७६-७७. म्हणजे जाहीर केलेला भाव हिशोबात बसतो, पहिले दोन-तीन महिने दुकानांतून जे वर लावलं जात होतं ते बसत नाही. घरात लगेच सल्ला आलाच, न्यू जर्सीचा दादा दिवाळीत येतोय त्याला आणायला सांग. वाचले असते आठ-दहा हजार, नाही म्हणत नाही, पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी त्या त्या देशापुरती असते आणि कार्ड बिघडलं तर ते परत कुणाच्या बॅगेत कोंबून पाठवणार?

आधी माझ्याकडे १६६० सुपर होतं. २०२१ ला बदलायचं मनात होतं पण तेव्हा क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी बाजार असा उचलला होता की ३०७० चे भाव ऐकून हसू यायचं. मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, सगळे म्हणाले आता स्वस्त होणार, आणि एनव्हिडियाची पुढची ४० सिरीज आली तीच महाग. १२ जीबीचं एक ४०८० जाहीर केलं, लोकांनी शिव्या घातल्या म्हणून मागे घेतलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय नावाने ७९९ डॉलरला आणलं. तर पुढच्या सिरीजसाठी थांबून काही स्वस्त मिळत नाही असं माझं मत झालंय. लाँच झाल्यावर तीन-चार महिने थांबलं तर मिळतं, ते वेगळं.

तरी मी अजून ओढलं असतं. पण डूम: द डार्क एजेस हा गेम आला आणि त्याला रे ट्रेसिंगवालं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणारं) कार्ड लागतंच, सेटिंग कमी करून चालवू म्हणायची सोयच नाही. दुसरं म्हणजे मी संध्याकाळी इंटिरिअरवाल्यांसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करून देतो, आणि जुन्या कार्डाच्या ६ जीबीत फर्निचर भरलेला हॉल बसेना.

कामाचं आधी, कारण खरे पैसे तिथेच वसूल होतायत. ज्या फ्रेमला अर्धा तास लागायचा ती आता चार-पाच मिनिटांत निघते, क्लायंटने "सोफा जरा हिरवा करून बघू" म्हटलं की पोटात गोळा येत नाही. फक्त गेम खेळायचे असते तर मी एएमडीचं ९०७० एक्सटी घेतलं असतं, ५९९ डॉलरचं कार्ड, त्यालाही १६ जीबी, पण ब्लेंडरमध्ये रेंडर करायला एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र बरंच पुढे आहे.

गेमिंगला १४४०पी रिझोल्यूशनवर तक्रार नाही. सायबरपंक २०७७ पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचाच जड प्रकार) लावून, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करणं) क्वालिटीवर, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम एआयने बनवणं) धरून शंभर एफपीएसच्या आसपास चालतो. पण फ्रेम जनरेशनचं ते चारपट फ्रेमवालं जे प्रकरण आहे ना, त्यावर जास्त भाळू नका. मूळ ५०-६० फ्रेम येत असतील तर छान वाटतं, मूळ ३० च असतील तर आकडा १२० दिसतो आणि माउस मात्र चिखलात चालल्यासारखा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचा सीईओ जेन्सन हुआंग स्टेजवर म्हणाला होता ना, ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० चा परफॉर्मन्स, तो याच्याच जोरावर. आणि डीएलएसएसचं नवीन मॉडेल जुन्या २० सिरीजवर पण चालतं, त्यामुळे ज्यांच्याकडे ३०६० वगैरे आहे त्यांनी आधी ते लावून बघा, कदाचित वर्षभर निघून जाईल.

आता खरा खर्च. माझा मॉनिटर १०८०पी ६० हर्ट्झचा, त्यावर हे कार्ड लावून काय फरक दिसणार, म्हणून १४४०पी १८० हर्ट्झचा घेतला. एसएमपीएस ५५० वॉटचा, या कार्डला ७५० सांगितलाय, तो घेतला. आणि यूपीएस! ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट, एकटं कार्डच ३०० खातं. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते हे माहितीये, त्या दिवशी मी रेंडर लावतच नाही, पण भर पावसात बुधवारी गेली, यूपीएस किंचाळला आणि दोन सेकंदांत सगळं बंद. मग ११०० व्हीएचा आणला. सगळं मिळून कार्डाच्या वर अजून पस्तीसेक हजार गेले, आणि हे धरलेलं बजेट होतं म्हणून ठीक, पण किती जण धरतात?

यावरूनच याच सिरीजमधली वरची कार्डं, ५०८० आणि ५०९० बघा. ५०८० ची जाहीर किंमत १,०७,०००, म्हणजे २७ हजार जास्त, चिप तीच जीबी२०३, मेमरी तेवढीच १६ जीबी, गेममध्ये फरक १५ टक्क्यांच्या आसपास. त्या २७ हजारांत माझा मॉनिटर आला. ५०९० चा जाहीर भाव तर २,१४,००० पासून होता, ५७५ वॉट, एसएमपीएस हजार वॉटचा, मॉनिटर ४के नसेल तर अर्थच नाही. ४के वर ते ५०७० टीआयच्या पाऊणपट पुढे असेल, पैसे मात्र अडीचपटीहून जास्त. ३२ जीबी मेमरीवर ज्याचं पोट आहे, घरी एआय मॉडेल चालवतो वगैरे, त्याने घ्यावं, त्याला ते स्वस्तच पडतं. निव्वळ गेमिंगला घेणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पैसे त्याचे.

त्रास एवढाच की माझ्या कार्डाला कॉइल व्हाइन होतं, मेन्यू स्क्रीनवर फ्रेम बेसुमार वाढल्या की चिर्र आवाज यायचा. फ्रेम लिमिट लावल्यावर गेला. बाबांना बिलाची काळजी होती, त्यांना हिशोब करून दाखवला, एकटं कार्ड रोज तीन तास फुल लोडवर म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. गरमीचं मात्र खरं आहे, ऑक्टोबरमध्ये दार लावून खेळलो की खोली भट्टी व्हायची.

आता घेणाऱ्याने काय करावं? इथे माझा तीन-चार महिने थांबायचा सल्ला चालणार नाही. एआय सर्व्हरांसाठी मेमरी तिकडे वळल्यामुळे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, आणि कार्डावर पण मेमरीच असते. गरज असेल आणि जाहीर किमतीच्या आसपास मिळत असेल तर घेऊन टाका, नसेल तर जुनंच चालवा. ८ जीबीचं ५०६० टीआय तेवढं कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका, १६ वालं बघा.

आणि उन्हाळ्यासाठी अंडरव्होल्ट करून टाका (चिपला कमी व्होल्टेज द्या), मी ९२५ मिलिव्होल्टला २७०० मेगाहर्ट्झच्या जवळपास ठेवलंय, फ्रेम दोन-चार कमी, पण वॉट २२०-२३० वर आले. प्रत्येक चिप वेगळी असते, तुमचं क्रॅश झालं तर व्होल्टेज थोडं थोडं वर चढवत जा.