शिपाई ते उपअधीक्षक: एका निवृत्त आदिवासी अधिकाऱ्याच्या भरतीपूर्व वर्गाविषयी

नागपुरात पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमींची वानवा नाही. मानकापूरचे क्रीडा संकुल असो, रेशीमबागेचे मैदान असो की फुटाळ्याचा रस्ता, उजाडण्यापूर्वीच तिथे धावणाऱ्या मुलामुलींचे जथे दिसू लागतात. या गर्दीत अमरावती मार्गाच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका वर्गाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. माझी भाची तेथे शिकली आणि पालक म्हणून मला त्या वर्गात अनेकदा बसता आले. वर्ग चालवणारे साहेब गोंड समाजाचे असून पोलीस उपअधीक्षक पदावरून निवृत्त झाले आहेत. आपले नाव कोठेही छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने मी ते देत नाही, परंतु शहरातील आदिवासी वसतिगृहांत चौकशी केल्यास पत्ता सहज मिळतो.

इतर अकादमी निवड यादीपर्यंत नेऊन सोडतात. निवड यादीत नाव लागले की उमेदवाराचा फोटो फलकावर चढतो आणि संस्थेचे काम संपते. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षांची नोकरी कशी करायची, बढती कोणत्या वाटेने मिळते आणि कोठे अडते, हे आमच्या आदिवासी मुलांना सांगणारे घरात कोणी नसते, कारण बहुतेकांच्या घरातील ती पहिलीच सरकारी नोकरी असते. या वर्गाचे मोल नेमके येथे आहे, आणि ते साहेबांच्या स्वतःच्या कारकिर्दीतून आलेले आहे.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यानंतरच्या सुरुवातीच्या भरतीत साहेब शिपाई म्हणून लागले. पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन ते उपनिरीक्षक झाले, मग सहायक निरीक्षक, निरीक्षक आणि शेवटी उपअधीक्षक. हा प्रवास ते कौतुकाने सांगत नाहीत, तर फळ्यावर जिना काढून प्रत्येक पायरीचे नियम लिहून देतात. उपनिरीक्षकाची निम्मी पदे सरळसेवेने भरली जातात, पाव पदे मर्यादित विभागीय परीक्षेतून आणि उरलेली पाव पदोन्नतीने. विभागीय परीक्षेला बसण्यासाठी ठरावीक वर्षांची सेवा लागते आणि शिक्षण जितके जास्त तितकी ती अट कमी होते. म्हणून शिपाई म्हणून रुजू झाल्या दिवसापासून मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घाला, असा त्यांचा आग्रह असतो. ही परीक्षा दर वर्षी होतेच असे नाही, त्यामुळे ती जाहीर होईल तेव्हा आपण पात्र असलेच पाहिजे, हे ते पुन्हा पुन्हा बजावतात.

सेवापुस्तकावर तर त्यांनी एक पूर्ण सत्र ठेवले आहे. स्वतःच्या सेवापुस्तकाच्या छायाप्रती ते वर्गात फिरवतात आणि जन्मतारीख, जमातीची नोंद, रजेचा हिशेब, बक्षिसे आणि शिक्षा या प्रत्येक रकान्यावर बोट ठेवायला लावतात. एका पानावर त्यांच्या नावासमोर आडनावाचे स्पेलिंग वेगळे पडले होते आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या त्याच पानाला टाचलेल्या आहेत. पोच घेतल्याशिवाय कोणताही अर्ज देऊ नये, हा धडा त्या पिवळ्या पडलेल्या कागदांमुळे मुलांच्या जसा लक्षात राहतो तसा एरवी राहिला नसता. गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेल्या कामाच्या मूल्यमापनात, प्रतिकूल शेरा आला तर त्याविरुद्ध मुदतीत निवेदन करता येते, ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की आपला क्रमांक तपासून हरकत नोंदवता येते, बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे दाखवणारा तक्ता, कशी वाचावी, या गोष्टी नोकरीत मुरलेल्या अनेक हवालदारांनाही ठाऊक नसतात.

पदोन्नतीतील आरक्षणाचा विषय ते टाळत नाहीत, याचे मला विशेष वाटले. राज्य शासनाचा २००४ चा पदोन्नतीतील आरक्षणाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने राखीव कोट्यातील पदेही सेवाज्येष्ठतेने भरण्यास मुभा दिली. आमच्या समाजातील जी मुले उशिरा नोकरीत येतात त्यांच्यासाठी याचा अर्थ काय, हे साहेब कोणाला दोष न देता, नुसत्या उदाहरणाच्या यादीवर आकडे मांडून दाखवतात. राज्यात अनुसूचित जमातींना सरळसेवेत ७ टक्के आणि केंद्रात साडेसात टक्के आरक्षण असूनही वरच्या पदांवर आमची माणसे तुरळक का दिसतात, याचे इतके स्पष्ट उत्तर मी दुसरीकडे ऐकलेले नाही. वरच्या खुर्चीपर्यंत पोचायला वय हाती असावे लागते. म्हणूनच ज्यांची पदवी झाली आहे त्यांनी शिपाई भरतीवर न थांबता राज्यसेवा आणि केंद्रीय लोकसेवेच्या परीक्षाही द्याव्यात, असे ते सांगतात. त्यासाठी ते रामेश्वर उरांव यांचे उदाहरण देतात. उरांव १९७२ च्या तुकडीचे भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी होते. ऑक्टोबर १९९० मध्ये समस्तीपूर येथे लालकृष्ण अडवाणी यांना अटक करून रथयात्रा थांबवण्यात आली, त्या कारवाईत ते पोलीस अधिकारी म्हणून होते आणि पुढे राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नंतरच्या राजकारणाबद्दल साहेब बोलत नाहीत. तरुण वयात अधिकारी म्हणून रुजू झालेला माणूस किती उंच जाऊ शकतो, एवढेच ते दाखवतात.

मला सर्वांत भावलेले सत्र जबाब नोंदवण्याचे होते. एका मुलीला साक्षीदार केले होते आणि तिने सारी हकीकत गोंडीतून सांगायची होती. समोरच्या मुलाने ती मराठीत लिहून घ्यायची आणि शेवटी तिला वाचून दाखवायची. मुलीने सांगितले की कोंबडा आरवला तेव्हा माणसे आली. मुलाने लिहिले, पहाटे पाच वाजता. साहेबांनी तेथेच पेन थांबवायला लावले. तिने पाच वाजले असे म्हटलेले नाही, तिच्याकडे घड्याळ नाही, आणि उद्या न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलाने तिला वेळ विचारली की तिचा अख्खा जबाब खोटा ठरेल, हे त्यांनी समजावून सांगितले. मग अंतराचा, माणसांच्या संख्येचा, अंगावरच्या कपड्यांचा असा एकेक तपशील तपासत त्यांनी तो जबाब पुन्हा लिहून घेतला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत साक्षीदाराचा जबाब कलम १८० खाली आणि प्रथम खबर (एफआयआर) कलम १७३ खाली येते. खबर देणाऱ्याला ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. भरतीच्या परीक्षेत यातले फारसे काही विचारत नाहीत. तरीही ते शिकवले जाते, कारण ठाण्याच्या दारात उभ्या राहिलेल्या आदिवासी बाईचे काय होणार हे त्या कागदावर ठरते.

गोंडी येणे ही या वर्गात कमीपणाची गोष्ट नाही. गडचिरोलीच्या शिपाई भरतीत गोंडी आणि माडिया भाषांवर स्वतंत्र लेखी परीक्षा घेतली जाते, त्यामुळे घरची बोली येथे गुणही मिळवून देते. १९९० मध्ये साठ जवानांपासून उभे राहिलेले सी-६० हे नक्षलविरोधी पोलीस पथक स्थानिक मुलांच्या जंगलज्ञानावर आणि भाषेवरच उभे आहे, आणि त्या पथकाबद्दल मुलांना असलेले आकर्षण साहेब मोडत नाहीत. मात्र जंगल तुडवण्यासाठी आदिवासी जवान हवा आणि तपासाच्या टेबलावर दुसरा कोणी, अशी विभागणी आपणच मान्य करू नये, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. गुन्हे तपास, न्यायवैद्यक पुरावे, सायबर गुन्हे यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतः होऊन नावे द्यावीत, असे ते प्रत्येक तुकडीला सांगतात.

कागदपत्रांचे मार्गदर्शन शनिवारी असते आणि तेही उत्तम आहे. जमातीच्या वैधता प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. आजोबांच्या शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल पंजी (गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), अधिकार अभिलेख किंवा पी-१ (जमिनीच्या जुन्या महसुली नोंदी) यांची नक्कल कोठे मागायची, हे येथे गावनिहाय सांगितले जाते. खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी दिला, तेव्हापासून तपासणी अधिक काटेकोर झाली आहे, आणि खऱ्या आदिवासी मुलालाही कागद वेळेवर जमवावेच लागतात.

मैदानी सरावाबद्दल थोडक्यात सांगतो. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, तर मुलांना ८०० ऐवजी १६०० मीटर. ८०० मीटरमध्ये पूर्ण गुणांसाठी २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत यावे लागते. सराव शिस्तीचा आहे, दुखापत झालेल्याला बळजबरीने पळवत नाहीत, आणि अन्यत्र मिळतो त्यापेक्षा तो फार निराळा नाही.

उणिवाही स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. लेखी परीक्षा १०० गुणांची, म्हणजे मैदानाच्या दुप्पट वजनाची, आणि नेमका अंकगणिताचा भाग येथे कच्चा आहे. गणित शिकवणारे शिक्षक सारखे बदलतात, शेकडेवारी आणि काळ-काम-वेग अर्ध्यावर राहते, आणि माझ्या भाचीला त्यासाठी दुसरीकडे शिकवणी लावावी लागली. दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, वर्गात मुलींची संख्याही चांगली आहे, पण मैदानाजवळ कपडे बदलण्याची सोय नाही आणि कायमस्वरूपी महिला प्रशिक्षक नाही. पाळीच्या दिवसांत सराव कसा करावा, हे विचारायला मुलींना आपले माणूस हवे. मी हे साहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी ते निमूटपणे वहीत लिहून घेतले आणि नोकरीत असलेल्या एका महिला हवालदार ताईंना रविवारी बोलावण्यास सुरुवात केली. आठवड्यातून एका दिवसाने मात्र ही गरज भागत नाही.

शुल्क माफक आहे आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांकडून ते घेतच नाहीत. जागा मर्यादित असल्याने नव्या तुकडीत प्रवेशापूर्वी साहेब स्वतः मुलाशी आणि पालकाशी बोलतात. त्या भेटीला जमातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि घरातील सर्वांत जुना महसुली किंवा शाळेचा कागद सोबत न्यावा. 'जय सेवा' हा गोंड समाजाचा नमस्कार करून आत गेलात की पहिला प्रश्न त्या जुन्या कागदाबद्दलच विचारला जातो. ज्यांना केवळ गणिताची तयारी हवी आहे त्यांनी दुसरीकडे जावे. घरातील पहिला गणवेश ज्याच्या अंगावर चढणार आहे, त्या मुलामुलीला मात्र गडचिरोली, गोंदिया, भंडारा कोठूनही नागपुरात ठेवून या वर्गाला घालावे, असे मी ओळखीच्या प्रत्येक पालकाला सांगतो.