चुलीच्या तंबूसाठी कॅनव्हास की नायलॉन?
गोव्याच्या थंडीत शेगडीचा तंबू (आत शेगडी पेटवून धुराडे बाहेर काढलेला) म्हणजे चैनच; तो घरी शिवायचा, तो हिमाचलातल्या स्पितीसारख्या अतिथंड ठिकाणच्या हिवाळी मुक्कामासाठी. सुती कॅनव्हास चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅम भरतो, तर सिलिकॉनचा लेप दिलेले पातळ नायलॉन 50 ग्रॅमच्या आसपास. मात्र धुराड्यातून उडालेल्या ठिणगीने कॅनव्हासवर बहुधा काळा डाग उरतो, नायलॉनला वितळलेल्या कडांचे भोक पडते. शिवाय नायलॉनला श्वासाची वाफ अडल्याने पहाटे आतून थेंब गळतात. तरीही पाठीवर वाहायचे असल्यास मी नायलॉनच घेईन, पण धुराड्याभोवती काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) कापडाची चकती शिवून आणि हवेची झडप उघडी ठेवूनच, कारण शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. म्हापशाच्या बाजारातली प्लास्टिकची निळी ताडपत्री या कामी मुळीच नको.