गरम पाण्यात मऊ करून बसवायचा माउथगार्ड: सात महिने वापरल्यावर

माझी मुलगी दहा वर्षांची, हॉकी खेळते. गेल्या मोसमात सरावाच्या वेळी चेंडू उसळून तोंडावर बसला आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दात दुधाचा नव्हता, कायमचा होता. त्याच आठवड्यात हा गार्ड घेतला.

पहिल्यांदा बसवताना आम्ही घाई केली. प्लास्टिक पुरतं मऊ झालंच नव्हतं, त्यामुळे तोंड उघडलं की गार्ड खाली यायचा. दुसऱ्या खेपेला पाकिटावर दिलेले सेकंद मोजले, तो किंचित निवू दिला, वरच्या दातांवर चढवून तिला चावायला लावलं, ओठांवरून बोटांनी दाबलं आणि आतून हवा चोखून घ्यायला सांगितलं. बाहेर काढला तेव्हा दाढेपर्यंत एकेका दाताचा ठसा उमटला होता, तुटका कोपरासुद्धा. आता तोंड उघडं ठेवून ती पळते तरी तो जागचा हलत नाही. खालच्या दातांनी दाबून धरावा लागत असेल, तर तो बसलेलाच नाही असं समजा.

पहिले चार-पाच दिवस बोलणं बोबडं झालं, ‘पास दे’ कुणाला कळेना. मग सवय झाली. चावण्याची खोड मात्र सुटायला वेळ लागला. खेळ थांबला की ती गार्ड चघळायची आणि मागची कड पातळ झाली. पातळ झालेल्या जागी धक्का कमी शोषला जातो, म्हणून मी दर आठवड्याला बोटाने चाचपून बघते. धुवायचा गार पाण्यानेच, कारण गरम पाण्याने आकार जातो. भोकं असलेल्या डबीत ठेवला तर वास येत नाही.

पाचव्या महिन्यात दुधाची दाढ पडून खालून नवा दात डोकावला आणि गार्ड एका बाजूने टोचायला लागला. पाकिटात ही गोष्ट ठळक लिहायला हवी होती. या वयात तोंड सतत बदलतं, एकच गार्ड वर्षभर पुरेल असं धरून चालू नका. दातांना तारा असतील तर हा घेऊच नका, दंतवैद्यांना विचारून तारांसाठीचा वेगळा घ्या. सगळे दात आले की आम्हीही दंतवैद्यांकडून साच्यावर बनवून घेणार आहोत. तो जास्त चपखल बसतो.

तोवर हाच. परवा दुसरा बसवला, नव्या दाताचा ठसा त्यात छान उमटलाय.