फ्रँचायझीधारकांच्या स्वतंत्र संघटनेचे सभासदत्व : चौदा महिन्यांनंतर

कोल्हापुरात राजारामपुरीत एका साखळी ब्रँडचे पिझ्झा-सँडविचचे आउटलेट मी फ्रँचायझी तत्त्वावर, म्हणजे कंपनीशी करार करून तिच्या नावाने, सहा वर्षांपासून चालवतो. याच ब्रँडच्या राज्यभरातील फ्रँचायझीधारकांनी स्थापन केलेल्या संघटनेचा मी गेल्या वर्षी सभासद झालो. प्रवेश फी 2,000 रुपये आणि वार्षिक वर्गणी 6,000 रुपये आहे. त्याआधी दोन वर्षे माझ्याकडे कोरा अर्ज पडून होता. कंपनीचे एरिया मॅनेजर गप्पांच्या ओघात एकदा म्हणाले होते, "साहेब, तुमचं आउटलेट चांगलं चाललंय, कशाला त्या भानगडीत पडता?" पुढे करार नूतनीकरणाला यायचा होता, म्हणून मी गप्प राहिलो. तो उशीर मला महागात पडला.

'स्वतंत्र' या शब्दाला येथे अर्थ आहे. कंपनीचेही एक फ्रँचायझी सल्लागार मंडळ आहे. त्यावर कोण जाणार, बैठक कधी होणार आणि तिथे कोणते विषय निघणार हे कंपनीच ठरवते. मी त्याच्या दोन बैठकांना गेलो होतो. जेवण उत्तम होते आणि नव्या मेनूचे सादरीकरण दोन तास चालले. प्रश्नांसाठी दहा मिनिटे उरली. संघटना मात्र आमच्या वर्गणीवर चालते, त्यामुळे तिचे पदाधिकारी फक्त आम्हाला उत्तर द्यायला बांधील आहेत.

पहिल्याच महिन्यात संघटनेच्या खजिनदारांनी माझ्याकडून मागील तीन महिन्यांची खरेदीची बिले मागवून घेतली. सर्व सभासदांची बिले एका तक्त्यात मांडली जातात. आउटलेटचे नाव झाकलेले असते, फक्त जिल्हा दिसतो. त्या तक्त्यात नऊ इंची पिझ्झा बॉक्सचा कोल्हापूरचा दर 9 रुपये 40 पैसे होता, तर त्याच कंपनीमान्य व्हेंडरचा (पुरवठादाराचा) नाशिकचा दर 8 रुपये 10 पैसे. मला वाटले की अंतराचा फरक असेल. खजिनदारांनी माझे बिल पुन्हा पाहायला सांगितले, तेव्हा शेवटच्या ओळीत वाहतूक खर्च वेगळा लावलेला दिसला. म्हणजे वाहतूक एकदा दरात मिसळलेली होती आणि एकदा बिलाखाली. हे बिल दर पंधरवड्याला माझ्याच हातात येत होते, मी त्यावर सही करत होतो, आणि तरीही शेजारी दुसऱ्याचे बिल ठेवल्याशिवाय मला ते दिसले नाही. खोक्यामागे एक रुपया तीस पैसे ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण महिन्याला अडीच हजार खोकी लागणाऱ्या दुकानात ती वर्षाला 39,000 रुपये होते, म्हणजे वर्गणीच्या साडेसहा पट.

दर जास्त वाटतो अशी ढोबळ तक्रार मी पूर्वी कंपनीकडे ई-मेलने केली होती. पाच महिन्यांत 'आपला मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवला आहे' यापलीकडे काही आले नाही. संघटनेच्या लेटरहेडवर, अकरा जिल्ह्यांचे दर जोडून पत्र गेले आणि अकराव्या दिवशी उत्तर आले. दर सुधारला, जादा घेतलेली रक्कम वळती करणारी क्रेडिट नोट मिळाली. मात्र पत्राच्या तारखेपासूनच्या मालाचीच, मागची नाही. मागच्या वर्षांचे पैसे गेले ते गेले.

दुसरा लाभ हिशेब समजण्याचा. रेस्टॉरंट सेवेवर 15 नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता) लागतो, आणि ब्रँड वापरण्याबद्दल विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी कंपनीला द्यायच्या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी असतो. याचा अर्थ रॉयल्टीवरचा कर आम्हाला वळता करून घेता येत नाही, तो आमच्या खर्चातच जातो. महिन्याची विक्री पाच लाख धरली आणि रॉयल्टी 6 टक्के, तर रॉयल्टी 30,000 आणि तिच्यावर 5,400 रुपये कर, वर्षाला 64,800. आमच्या सीएने ही रक्कम वर्षानुवर्षे बरोबर खर्चात टाकली होती; पण करारावर सही करताना 'फक्त सहा टक्के' हा आकडा ज्यांनी ऐकवला, त्यांनी तो प्रत्यक्षात सात टक्क्यांच्या वर जातो हे सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. संघटनेच्या सीएंनी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा सभागृहातले निम्मे लोक मोबाइलवर स्वतःची आकडेमोड करत होते.

याच बैठकीत सवलतींच्या योजनांवरील रॉयल्टीचा विषय निघाला. 'एकावर एक मोफत' योजना कंपनी जाहीर करते, सवलतीचा भार आउटलेटवर पडतो आणि रॉयल्टी मात्र मेनूतील मूळ किमतीवर आकारली जात होती. सात महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर कंपनीने जाहीर केलेल्या योजनांपुरती रॉयल्टी प्रत्यक्ष वसुलीवर धरण्याचे मान्य झाले. आम्ही स्वतः स्थानिक पातळीवर दिलेल्या सवलतींना ते लागू नाही. मला ही तडजोड रास्त वाटते, काही सभासदांना वाटत नाही.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदा, 1999 चा ट्रेडमार्क कायदा, 2002 चा स्पर्धा कायदा आणि 1996 चा लवाद कायदा यांच्या आधारानेच सगळे चालते, म्हणजे जे काही आहे ते करारनाम्यात आहे आणि करारनामा कंपनीच्या वकिलांनी लिहिलेला आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार फ्रँचायझी विकण्यापूर्वी माहितीपत्र द्यावे लागते, आणि फ्रँचायझीधारकांच्या नोंदणीकृत स्वतंत्र संघटनेने मागणी केल्यास तिचे नाव व पत्ता त्यात छापावा लागतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने तर 2000 च्या कायद्यातच संघटना करण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे असा आधार नसल्यामुळे संघटनेची गरज उलट अधिक आहे. वाहन विक्रेत्यांनी हे फार आधी ओळखले. त्यांची 'फाडा' ही संघटना 1964 पासून काम करते आणि फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातील वाहननिर्मिती थांबवण्याची घोषणा केल्यावर विक्रेत्यांच्या भरपाईचा प्रश्न तिने लावून धरला.

आमच्या करारात वाद झाल्यास एकमेव लवाद कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील असे कलम आहे. मी ते काळ्या दगडावरची रेघ समजत होतो. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात म्हटले आहे, हे मला संघटनेच्या वकिलांकडून कळले. सुदैवाने लवादापर्यंत जायची वेळ आली नाही, पण नूतनीकरणाच्या बोलण्यांत समोर बसताना ही माहिती उपयोगी पडली.

याच वकिलांनी एकदा आम्हालाही आवरले. डिलिव्हरी ॲपवर अमुक तारखेपासून सर्वांनी दर दहा टक्क्यांनी वाढवावेत, असा संदेश एका उत्साही सभासदाने व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि पाच मिनिटांत वीस अंगठे उमटले. वकिलांनी तो संदेश मागे घ्यायला लावला आणि त्याच संध्याकाळी ऑनलाइन बैठक घेतली. आम्ही प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक आहोत. एकमेकांत विक्रीचा दर ठरवला तर स्पर्धा कायद्याच्या कलम 3 खाली आम्हीच अडकू शकतो. कंपनीपुढे अटींबद्दल एकत्र म्हणणे मांडणे आणि ग्राहकासाठी दर संगनमताने ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या पन्नाशीत समजले.

उणिवाही आहेत. त्रैमासिक सभा पुण्यात होते. पहाटे निघून रात्री परतायचे म्हणजे शनिवारचा गल्ला दुसऱ्यावर सोपवावा लागतो. ज्यांची सहा-सात आउटलेट आहेत त्यांचा आवाज सभेत मोठा असतो आणि विषयपत्रिकेवर त्यांचेच प्रश्न वर असतात. सभेचे इतिवृत्त दोनदा तीन-तीन महिन्यांनी आले. खोक्यांचा सुधारलेला दर सभासद नसलेल्यांनाही मिळाला, याबद्दलची कुरकुर दर सभेत होते आणि तिच्यावर उपाय नाही.

सर्वांत मोठी मर्यादा माझ्या नूतनीकरणात दिसली. नवा फलक, नवे काउंटर आणि आतील सजावट ही सक्ती करारात होती, मी ती वाचून सही केली होती, त्यामुळे संघटनेला ती टाळता आली नाही. तीन महिन्यांऐवजी नऊ महिन्यांची मुदत मात्र संघटनेच्या वकिलांनी लिहून दिलेल्या पत्रामुळे मिळाली आणि मे महिन्याच्या सुट्टीचा धंदा वाचला. म्हणूनच नव्याने फ्रँचायझी घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी संघटनेच्या दोन-तीन सभासदांना भेटावे, असे मी सुचवेन; सहीनंतर संघटना कराराचा अर्थ सांगू शकते, करार बदलू शकत नाही.

दुसऱ्या वर्षाची वर्गणी मी भरली आहे. इतिवृत्त पंधरा दिवसांत यावे आणि एक सभा तरी सांगली-कोल्हापूर भागात व्हावी, असे पत्रही दिले आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा यांचा दरतक्ता आता माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला तो भरून पाठवतो. या महिन्यात तेलाच्या डब्यामागे सांगली आणि सातारा यांच्या दरांत 70 रुपयांचा फरक दिसतो. दोन्हीकडची वाहतुकीची ओळ मी आधी तपासली. ती या वेळी ठीक आहे, म्हणून व्हेंडरकडे दरपत्रक मागितले आहे.