खाऱ्या वाऱ्यातला बोर्ड: अ‍ॅक्रिलिक, सिलिकॉन की पॅरिलीन?

आषाढात मालवणातल्या कुठल्याही घरी मिठाची बरणी उघडा, मिठाला पाणी सुटलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावरच्या दवाखान्यात मॉनिटरच्या पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर, बसतं ते हेच मीठ.

पल्स ऑक्सिमीटरमध्ये ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा उजेड बोटातून पलीकडे जातो. तो उजेड टिपणाऱ्या फोटोडायोडचा प्रवाह इतका क्षीण, की बोर्डावरच्या दोन ट्रॅकमधली (तांब्याच्या रेघांमधली) खारट ओलही त्यात लुडबूड करते. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. इथे ते चालू राहतं आणि आकडा चुकतो.

कुडाळच्या किंवा मिरजोळेच्या एमआयडीसीत असे बोर्ड बनवायला घेतले, की ओल आणि मीठ अडवायला बोर्डावर द्यायचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, कुठलं हा प्रश्न येतोच.

अ‍ॅक्रिलिक सगळ्यात सोपं. स्प्रे मारा किंवा बुडवा, थर ०.०३ ते ०.१३ मिमी. बहुतेकांत चमकणारा रंग असतो, त्यामुळे अतिनील दिव्याखाली सुटलेली जागा लगेच दिसते. मोठा गुण म्हणजे सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) ते निघतं, कॉम्पोनंट बदलता येतो. दोषही तोच, सॉल्व्हंट लागलं की मऊ पडतं.

सिलिकॉनचा थर जाड, ०.०५ ते ०.२१ मिमी, आणि लवचीक. पॉवर सप्लायजवळच्या उष्णतेला ते बरं. पण पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. तळाशी स्वच्छ चिकटलेलं असेल तरच उपयोग. रिले (विजेवर चालणारा स्विच) असलेल्या बोर्डाजवळ मी ते टाळतो, सिलिकॉनची वाफ रिलेच्या कॉन्टॅक्टवर बसते.

पॅरिलीन वेगळ्याच जातीचं. निर्वात पेटीत वाफेतून बसतं, ०.०१ ते ०.०५ मिमी, आयसीच्या पोटाखालीसुद्धा. संरक्षणात पहिला नंबर त्याचाच. पण काम बाहेर पाठवावं लागतं, मास्किंगला, म्हणजे थर नको त्या जागा झाकायला, हातचा वेळ जातो, आणि नंतर काढायचं तर खरवडूनच.

धुण्याचा मुद्दा मात्र तिघांनाही लागू. एकदा घाईत मी ‘नो-क्लीन’ फ्लक्सवर (सोल्डरिंगला लावतात ते, धुवायची गरज नाही म्हणून विकलं जाणारं) तसंच कोटिंग मारलं. दुसऱ्या पावसाळ्यात थराखाली पांढरे फोड! आता बोर्ड धुऊन, वाळवूनच पुढे. आणि कोटिंग आहे म्हणून ट्रॅकमधली अंतरं कापू नका: वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं मानक आयईसी ६०६०१-१ प्रमाणे २५० व्होल्टला, रुग्णाच्या बाजूचं दुहेरी संरक्षण असेल तिथे पृष्ठभागावरून ८ मिमी लागतात. हे आधी लेआउटमध्ये बसवा.

शे-दोनशेची बॅच असेल आणि दुरुस्तीचा माणूस कोल्हापूरहून करूळ घाट उतरून येणार असेल, तर माझा कौल अ‍ॅक्रिलिकला. तिथल्या तिथे कॉम्पोनंट बदलून ब्रशने पुन्हा थर देता येतो. पॅरिलीन ईसीजीच्या इनपुटसारख्या नाजूक भागापुरतं ठेवा, तेही तो भाग वेगळा छोटा बोर्ड करून, म्हणजे बिघडला तर अख्खाच बदलता येईल. एकदा मान्यता मिळाल्यावर कोटिंग बदलायचं म्हणजे आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांचं गुणवत्ता मानक) खाली पडताळणीची कागदपत्रं नव्याने करणं आलं, तेव्हा हे नमुना बनवतानाच ठरवा.

प्रोबचा (रुग्णाला लावायच्या सेन्सरचा) कनेक्टर मात्र कुठल्याही कोटिंगनंतर उघडाच राहतो. तिथे सोन्याच्या मुलाम्याचे पिन घ्या आणि टोपी दोरीने यंत्रालाच बांधून द्या. सुटी टोपी पहिल्या आठवड्यातच हरवते.