पॅरिसमधला छोट्या वाईनवाल्यांचा मेळा, निफाडच्या बागायतदाराच्या पोरीच्या नजरेतून

खूप दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच. नोव्हेंबरच्या शेवटी पॅरिसला पोर्त द व्हर्सायच्या प्रदर्शन हॉलमध्ये व्हिन्यरों अँदेपांदां, म्हणजे स्वतंत्र वाईनवाल्यांचा मेळा भरतो. तिथे यावेळी दोन दिवस गेले, एकदा ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर आणि मग राहवलं नाही म्हणून परत एकटीच. इकडे राहणारे किंवा त्या सुमारास इकडे येणारे कोणी असाल तर नक्की जा, हे आधीच सांगून टाकते. का जा ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

हे वाईनवाले म्हणजे कंपन्या नाहीत. संघटनेची अटच अशी आहे की बाग स्वतःची पाहिजे, तोडणी त्यांची, वाईन त्यांनीच केलेली, बाटलीत त्यांनीच भरलेली आणि विकणारेही तेच. १९७८ पासूनची संघटना आहे, देशभरात ७,००० च्या आसपास सभासद आहेत, आणि त्यांच्या बाटलीच्या टोपणावर पिंप वाहून नेणाऱ्या माणसाचं चित्र असतं, ते एकदा डोक्यात बसलं की मग साध्या दुकानातही ओळखू येतं. असे मेळे स्ट्रासबुर्ग, लियों, लील असे बऱ्याच शहरांत होतात पण पॅरिसचा सगळ्यात मोठा, हजाराच्या घरात स्टॉल, नुसतं चालत बघायचं म्हटलं तरी पायाचे तुकडे पडतात.

तिकीट १० युरोच्या आसपास, आणि वाईनवाले आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना फुकट आमंत्रणं पाठवतात, आम्हाला मैत्रिणीच्या सासऱ्यांनी दिलेली मिळाली. दारातच एक काचेचा ग्लास हातात देतात, तोच दिवसभर वापरायचा. मग कुठल्याही स्टॉलवर उभं राहा, ग्लास पुढे करा, घोटभर ओततात, त्याचे पैसे नाहीत आणि घेतलंच पाहिजे अशी जबरदस्तीही नाही. प्रत्येक ठिकाणी थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. आपल्याकडच्या माणसाला कोणासमोर असं तोंडातून थुंकायचं म्हणजे फार अवघड वाटतं, मलाही पहिल्या दोन स्टॉलवर जमेना, पण तिथे ते सगळेच करतात, आणि नाही केलं तर दहाव्या स्टॉलनंतर जिभेला काही कळतच नाही.

आता मी हे एवढ्या जीव तोडून का लिहितेय ते सांगते. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. नाना, म्हणजे माझे वडील, स्वतः माळकरी, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, पण २००४ ला सगळेच लावत होते म्हणून त्यांनीही दीड एकर शिराझ ही वाईनची जात लावली, एका कंपनीशी करार करून. सुरुवातीला भाव बरा मिळाला. मग २००८-०९ ची मंदी आली आणि त्या वर्षी कंपनीची माणसं साखर मोजायला आली, गेली, परत आलीच नाहीत. माल वेलीवर. वाईनची द्राक्षं बारीक मण्यांची, बियांची, जाड सालीची, ती बाजारात खायला कोण घेणार. नाशिक भागात तेव्हा कितीतरी जणांनी वाईनच्या बागा तोडल्या, आमचीही त्यातलीच एक. मी तेव्हा शाळेत होते, नाना बांधावर उभे होते आणि कोणाशीच बोलत नव्हते, एवढं मला स्पष्ट आठवतं.

म्हणून त्या हॉलमध्ये शिरले आणि बघितलं की टेबलामागे उभा असलेला माणूस हाच बागेचा मालक, त्याच्या बोटांच्या फटी काळ्या पडलेल्या, शेजारी बायको कार्टन बांधतेय, पोरगा ग्लास विसळतोय, तेव्हा मला एकदम भरूनच आलं. शेतकरी स्वतः ओततोय, स्वतः भाव सांगतोय, आणि समोरचा माणूस तो भाव ऐकून पाकीट काढतोय. द्राक्ष विकलं नाही गेलं तरी त्याच्याकडे तळघर आहे, पिंप आहे, तो वर्षभर थांबू शकतो. आमच्याकडे माल तयार झाला की दहा दिवसांत गेला तर गेला.

लुआर नदीच्या भागातून आलेल्या एका बाईंच्या स्टॉलवर मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते. व्हुव्रे गावच्या, शेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाची वाईन करणाऱ्या. ही तीच शेनिन जी नाशिकला सुला कंपनीने २००० साली अगदी पहिल्या वाईनमध्ये काढली होती आणि आता नाशिकात जिकडेतिकडे लावलेली आहे. मला वाटायचं शेनिन म्हणजे जरा गोडसर, थंडगार, उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायची. त्या बाईंनी एकाच जातीच्या तीन बाटल्या मांडल्या, एक पूर्ण कोरडी, एक मधली, एक गोड, आणि म्हणाल्या की फरक मुख्य कशाचा तर तोडणी कधी केली त्याचा. गोडवाल्याला घड एकदम नाही तोडत, बागेतून परत परत फिरून पिकलेलेच तेवढे घेतात. कोरडीला हिरव्या सफरचंदासारखा करकरीत आंबटपणा, गोडीला मध आणि सुकवलेल्या जर्दाळूची चव, आणि तरी शेवटी आंबटपणा जिभेवर राहतोच त्यामुळे चिकट वाटत नाही. कोरडीच्या तीन बाटल्या घेतल्या, एक ९ युरोला. पॅरिसच्या हॉटेलात तिचा एक ग्लास साधारण एवढ्यालाच पडतो.

दुसरा स्टॉल फ्रान्सच्या पूर्वेकडच्या जुरा भागाचा, एका म्हाताऱ्या बाबांचा. जुरात व्हँ जोन नावाची पिवळी वाईन करतात, साव्हान्यँ जातीची. ती पिंपात ६ वर्षं ३ महिने ठेवतात आणि मधे पिंप परत भरत नाहीत, उडून जाईल ते जाऊ देतात, वर यीस्टची पातळ साय धरते आणि खाली वाईन मुरते. बाटलीही वेगळी, बुटकी, ६२ सेंटिलिटरची, कारण म्हणे एक लिटरमधलं एवढंच शेवटी उरतं. मी वास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, अहो ही तर मेथी! भाजलेल्या मेथीदाण्याचा वास, आईच्या मेथीच्या लाडवांचा डबा उघडल्यासारखा. फ्रेंचमध्ये कसंबसं सांगितलं तर बाबा जाम खूश झाले, म्हणाले बरोबर आहे, बहुतेक लोक अक्रोड म्हणतात पण मेथीत आणि याच्यात सुगंधाचा पदार्थ एकच आहे. मग खालून कोंते चीजचा तुकडा काढून दिला, म्हणे आता परत घोट घे. शाकाहारी लोकांनी खाण्याची काळजी करू नका, चीज आणि पाव जागोजागी मिळतो आणि तो या वाईनबरोबर जो काही लागतो ना, मी त्यावरच दिवस काढला. ही बाटली महाग आहे, ४० युरोच्या आसपास, एकच घेतली.

सगळेच असे भेटले नाहीत. एका स्टॉलवर (नाव नको) मी भारतातली, द्राक्षवाल्या घरातली म्हटल्यावर त्या गृहस्थांनी भुवया वर केल्या आणि मागच्या जोडप्याला ओतायला लागले. वाईट वाटलं. पण पुढच्याच रांगेत शाब्ली या वाईनच्या गावचा एक जण भेटला, त्याने एप्रिल २०२१ च्या गारठ्याचं सांगितलं, कोवळे फुटवे जळू नयेत म्हणून रात्र रात्र बागेत मोठाल्या मेणबत्त्या पेटवून बसले होते सगळे, तरी पीक गेलं ते गेलंच. मी त्याला फोनमधला आमच्याकडचा फोटो दाखवला, निफाडचा पारा ४-५ अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, त्याचा. तो फोटो त्याने बायकोला बोलावून दाखवला.

आणि बोर्दोवाला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर निळसर डाग होता, मी विचारलं तर म्हणाला फवारणीचा, बुयी बोर्दलेझ. अरे हे तर आमचं बोर्डो! मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, लहानपणी ड्रमात काठीने ढवळलेलं, नानांच्या सगळ्या सदऱ्यांवर त्याचे डाग. नाव बोर्दोवरून पडलंय हे माहीत होतं पण गोष्ट माहीत नव्हती, ती त्याने सांगितली. १८८२ मध्ये बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुना शिंपडायचे, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की डावणीने, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाने, सगळी बाग पानं टाकतेय पण या कडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत. त्यावर प्रयोग करून १८८५ ला त्यांनी ते जाहीर केलं. म्हणजे रस्त्यावरच्या चोरांमुळे सापडलेलं औषध आज पिंपळगाव-ओझरपर्यंत फवारलं जातंय.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. शनिवार-रविवार सोडून कामाच्या दिवशी सकाळी दार उघडताना जा, तेव्हा वाईनवाल्याला बोलायला वेळ असतो, आणि अर्धी मजा त्या बोलण्यातच आहे. चाकाची ट्रॉली न्या, तिथले लोक घेऊनच येतात, सहाचं कार्टन हातात धरून मेट्रोच्या पायऱ्या चढणं काही खरं नाही. शाम्पेन घेणार असाल तर लेबलवर बारीक अक्षरात आरएम (RM) लिहिलंय का बघा, त्याचा अर्थ द्राक्ष पिकवणाऱ्यानेच ती केलीय, मोठ्या ब्रँडपेक्षा स्वस्त पडते आणि मला तरी जास्त आवडली. यादी करून जायची गरज नाही, पण एका दिवशी एकच भाग धरा, लुआर तर लुआर, नाहीतर सगळ्याचा काला होतो. भारतात नेताना माणशी २ लिटरपर्यंतच ड्यूटी लागत नाही हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडेही स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाईन करणारे आहेत, आमच्या जवळच कुंदेवाडीला रेव्हिलोवाले आहेत, इटलीच्या ग्रिलो आणि नेरो द'आव्होला जाती त्यांनी तिथे आणून लावल्यात. अशांना एका छताखाली आणून, ग्लास हातात देऊन, गिऱ्हाइकाशी सरळ बोलू देणारा मेळा नाशिकला दरवर्षी भरावा असं मला फार फार वाटतं, मोठ्या स्टेजवरची गाणी नसली तरी चालतील.

रात्री घरी येऊन नानांना फोन लावला. तिकडे पहाट, ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात आणि आभाळ आलेलं, त्यामुळे ते जागेच होते. मी मेथीचं सांगितलं, मेणबत्त्यांचं सांगितलं, ते हं हं करत होते. बोर्डोवर आल्यावर मात्र मधेच थांबवलं, म्हणाले, "किती मारतात ते लोक?" मी बोर्दोवाल्याला विचारून ठेवलं होतं, युरोपात हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोच्या वर तांबं चालत नाही. नानांनी तिकडे पुटपुटत हिशोब केला, "म्हंजी एकरी वर्साला दीड किलोच्या जरा वर." मग थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आन् पाऊस लागून राहिला तर? इचार त्याला. फोन नंबर घेतलाय ना त्याचा?"

घेतलाय. उद्या विचारते म्हटलं.